नूतनीकरण न केलेल्या सभासदांची यादी

दक्षिण महाराष्ट्रातल्या एका चेंबर ऑफ कॉमर्समध्ये, म्हणजे उद्योजक-व्यापाऱ्यांच्या संस्थेत, मी संशोधन अधिकारी म्हणून रुजू झाले आणि तिसऱ्याच महिन्यात तीन वर्षांचा आराखडा तयार करायचं काम माझ्याकडे आलं. आमचे सभासद म्हणजे धातूचं ओतकाम करणारे फौंड्रीवाले, मशीन शॉपवाले, पंप आणि व्हॉल्व्हचे उत्पादक, काही व्यापारी आणि चार-पाच मोठे कारखाने. एमबीए करताना कंपन्यांचे आराखडे मी बरेच वाचले होते, संस्थेचा मात्र एकही नाही. चेंबरमध्ये येऊ पाहणाऱ्या नव्या मुलामुलींना मी कुठं चुकले ते आधी सांगायला हवं.

मी गूगल फॉर्मवर एक प्रश्नावली केली आणि सगळ्या सभासदांना पाठवली. उत्तरं छान आली. लोकांना अजून चर्चासत्रं हवी होती, परदेश दौरे हवे होते, निर्यातीवर मार्गदर्शन हवं होतं. त्यावरून मी वर्षाला इतके कार्यक्रम, इतकी शिष्टमंडळं, इतके नवे सभासद असा तक्ता मांडला. उत्तरं कोणाची आहेत हे मी पाहिलंच नव्हतं. आमच्या लेखा विभागातल्या बाईंनी नावं वाचली आणि म्हणाल्या, "अगं, हे तर आपल्या हॉलमध्ये नेहमी येणारेच. न येणाऱ्यांची यादी माझ्याकडे आहे." त्यांनी वर्गणी न भरलेल्यांची, म्हणजे गेल्या तीन वर्षांत नूतनीकरण न केलेल्यांची यादी छापून दिली. त्या लोकांना माझी प्रश्नावली पोचलीच नव्हती, कारण मेल फक्त चालू सभासदांना जायचा. आराखड्याची खरी सुरुवात त्या यादीपासून झाली.

पुढचे सहा आठवडे मी औद्योगिक वसाहतींत फिरले. तुम्हीही फिरणार असाल तर वसाहतीची साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी असते ते आधी विचारून घ्या. फौंड्रीत ओतकाम चालू असताना जाऊ नका, मालक मान वर करणार नाही. लहान वर्कशॉपमध्ये जेवणाच्या सुट्टीत जा. आणि "चेंबरनं तुमच्यासाठी काय करावं?" असं विचारू नका. त्यावर लोक सभ्य, निरुपयोगी उत्तरं देतात. मी विचारायचे, "गेल्या वर्षभरात कोणत्या कामासाठी सगळ्यात जास्त हेलपाटे घातलेत?" मग माणसं फाइल काढूनच दाखवायची.

सगळ्यात जास्त फाइली अडकलेल्या पैशांच्या निघाल्या. सीएनसी म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर दुसऱ्यांचे भाग करून देणाऱ्या एका जॉबवर्कवाल्यानं मला चार महिने जुनी बिलं दाखवली. २००६ च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या, कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. दाद मागायला फॅसिलिटेशन कौन्सिल, म्हणजे अशा थकबाकीचे वाद सोडवणारी सरकारी परिषद आहे. हे सगळं त्याला ठाऊक होतं. त्याचं म्हणणं एवढंच, की तक्रार केली की दुसऱ्या दिवशी ऑर्डर बंद. हातात कायदा असूनही तो वापरायची सोय नाही, ही गोष्ट मला फार लागली, अजूनही लागते.

चेंबरच्या नियोजनातली खरी अडचण इथं सुरू होते, आणि ती मला कोणत्याही वर्गात शिकवली नव्हती. ज्या कारखान्यानं पैसे अडकवले होते तोही आमचाच सभासद होता. मोठी वर्गणी, कार्यक्रमांना प्रायोजकत्व, कार्यकारिणीत जागा, सगळं त्याच्याकडे. एकाच धंद्याची संघटना असती तर एक बाजू घेता आली असती. चेंबरमध्ये खरेदीदार आणि पुरवठादार एकाच टेबलाशी बसतात. हा प्रश्न घेऊ नका, असं मला दोघांनी बाजूला घेऊन सांगितलं. मी तो घेतला, पण सरळ आरोप म्हणून मांडला नाही. वाट सापडली ट्रेड्समधून, म्हणजे थकलेल्या बिलांवर बँकांकडून पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेतून. यात पुरवठादाराचं बिल खरेदीदारानं ऑनलाइन मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात, पुरवठादाराला काही दिवसांत पैसे मिळतात आणि खरेदीदार बँकेला ठरलेल्या तारखेला देतो. पुरवठादाराला थोडं व्याज सोसावं लागतं, पण तक्रार कुणाविरुद्धच करावी लागत नाही. २५० कोटींहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना ३१ मार्च २०२५ पर्यंत ट्रेड्सवर नोंदणी बंधनकारक केल्याची अधिसूचना त्याच सुमारास निघाली होती, त्यामुळे मोठ्यांनाही नाही म्हणणं अवघड होतं. आमच्या आराखड्याचं पहिलं कलम असं ठरलं: मोठ्या सभासदांची नुसती नोंदणी नको, त्यांनी तिथं बिलं प्रत्यक्ष मान्य करावीत, आणि लहान सभासदांच्या 'उद्यम' या सरकारी लघुउद्योग नोंदणीपासूनची सगळी कागदपत्रं चेंबरनं बसून पूर्ण करून द्यावीत. यशाचं मापही बदललं. किती कार्यशाळा झाल्या हे मोजणं थांबवलं, किती बिलं सुटली हे मोजू लागलो.

दुसरा मोठा विषय वीज. इंडक्शन फर्नेस, म्हणजे विजेवर धातू वितळवणारी भट्टी, चालवणाऱ्याला विजेचा दर म्हणजे जीवनमरणाचा प्रश्न. "वीज महाग आहे" अशी निवेदनं आमच्या कपाटात ढिगानं होती. पण दर ठरवणाऱ्या राज्य वीज नियामक आयोगासमोर जाहीर सुनावणी असते, हरकती ठरलेल्या मुदतीत लेखी द्याव्या लागतात, आणि तिथं एक टन धातू वितळवायला किती युनिट लागतात, ठरावीक वेळेतल्या सवलतीचा फायदा खरंच किती मिळतो, हे बिलांसकट दाखवावं लागतं. म्हणून आराखड्याचं वेळापत्रक आम्ही दुसऱ्यांच्या तारखांवर बांधलं. केंद्राचा अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला, म्हणजे आमचं निवेदन शरद ऋतूतच तयार हवं. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा उद्योग मित्र समिती, जिला सगळे 'झूम' म्हणतात, तिच्या बैठकीआधी रस्ते, गटारं, पाणी यांचे मुद्दे फोटो आणि प्लॉट नंबरसह सरकारच्या जिल्हा उद्योग केंद्रात पोचायला हवेत. चेंबरच्या सोयीनं आखलेलं कॅलेंडर कुणाच्याच कामी येत नाही.

कौशल्याच्या विषयावर मी कमी लिहिते, कारण तिथं आम्ही फारसं काही साधलं नाही. आयटीआयशी करार झाले, मुलं आली, आणि वर्षभरात पुण्याला गेली.

नव्यांनी आणखी एक करावं. आपल्या चेंबरची घटना आणि पहिल्या काही वर्षांची इतिवृत्तं वाचावीत. मुंबईत बॉम्बे चेंबर १८३६ सालची, मुख्यतः गोऱ्या व्यापाऱ्यांची. इंडियन मर्चंट्स चेंबर १९०७ मध्ये निघाली, कारण हिंदी व्यापाऱ्यांना स्वतःचा आवाज हवा होता. वालचंद हिराचंदांनी महाराष्ट्र चेंबर १९२७ मध्ये उभी केली, पुण्याची मराठा चेंबर १९३४ ची. प्रत्येकीच्या मुळाशी वेगळी नड आहे. आमच्या इतिवृत्तांत पहिली तीन वर्षं रेल्वे वॅगन आणि कच्च्या लोखंडाचा कोटा याशिवाय दुसरा विषयच नाही. ते वाचून कार्यकारिणीतल्या ज्येष्ठांना पटलं, की थोडेच विषय घेऊन ते धसास लावणं हीच या संस्थेची जुनी रीत आहे. बारा कलमांची चार झाली ती त्या बैठकीत.

मसुदा आधी मराठीत लिहा. माझ्या इंग्रजी मसुद्यावर कुणी हरकत घेतली नव्हती. मराठीत वाचून दाखवल्यावर दोन तास वाद झाला आणि तिथंच तो सुधारला. शिवाय अध्यक्ष साधारण दोन वर्षांनी बदलतात, आराखडा तीन वर्षांचा. म्हणून प्रत्येक कलमासमोर अध्यक्षांबरोबर पुढच्या उपाध्यक्षांचीही सही घ्या, आणि सचिवालयातल्या कोणा एकाचं नाव घाला.

तो सीएनसीवाला पुन्हा सभासद झाला. वर्गणीचा चेक द्यायला तो स्वतः आला आणि सोबत शेजारच्या गाळ्यातल्या दोघांचे अर्ज घेऊन आला. दर एप्रिलमध्ये लेखा विभागातल्या बाई न विचारता नवी यादी माझ्या टेबलावर ठेवतात, आणि मी वसाहतीच्या सुट्टीचे वार पाहून निघते.