संभाजीनगरला कामासाठी जाताय? मुक्कामाचं असं ठरवा

मोजमापाची उपकरणं तपासायच्या, म्हणजे कॅलिब्रेशनच्या कामासाठी मी पुण्याहून छत्रपती संभाजीनगरला नेहमी जाते. कधी वाळूज, कधी चिकलठाणा, कधी शेंद्रा. आमच्याकडे नवीन लागलेली मुलं-मुली विचारतात, "ताई, तिथलं एखादं चांगलं हॉटेल सांगा ना." मी आधी त्यांनाच विचारते, सकाळी कुठल्या गेटवर उभं राहायचंय? या शहरात मुक्काम सुखाचा होणार की नाही, ते निम्मं तिथेच ठरतं.

वाळूज एमआयडीसी शहराच्या पश्चिमेला, नगर-पुणे रस्त्यावर आहे. चिकलठाणा एमआयडीसी आणि विमानतळ पूर्वेला जालना रस्त्यावर, आणि शेंद्रा त्याच्याही पुढे. मधे क्रांती चौक, मोंढा नाका, आकाशवाणी, सेव्हन हिल्स, सिडको अशी जालना रस्त्याची सगळी गर्दी. वाळूजला काम असताना सिडकोत खोली घेतली, तर पहिल्या शिफ्टच्या वेळी अख्खं शहर ओलांडावं लागतं. म्हणून वाळूजसाठी रेल्वे स्टेशन, बाबा पेट्रोल पंप किंवा नगर नाक्याच्या बाजूला उतरा. चिकलठाणा-शेंद्र्यासाठी सिडको किंवा जालना रस्त्याचं पूर्वेकडचं टोक बरं. समृद्धी महामार्गाने येणाऱ्यांनीही हेच बघावं. माळीवाड्याला उतरलात तर पश्चिमेची बाजू जवळ, सावंगीला उतरलात तर सिडको आणि जळगाव रस्ता जवळ. वेरूळ पश्चिमेच्याच बाजूला आहे, नगर नाक्यावरून पडेगाव, दौलताबाद, खुलताबाद असा रस्ता. अजिंठ्याला मात्र हर्सूलवरून फुलंब्री, सिल्लोड करत जायचं. शहराचं नाव 2023 मध्ये बदललं, पण काही बुकिंग अ‍ॅपवर जुन्या नावानेच हॉटेलं सापडतात. दोन्ही नावांनी शोधा.

अ‍ॅपवर दर बघा, पण पैसे भरण्याआधी हॉटेलला फोन करा. फोनवर मी काही गोष्टी हमखास विचारते.

पहिली पाण्याची. शहराला पाणी जायकवाडीहून येतं आणि नळाला काही दिवसांच्या अंतराने सुटतं, त्यामुळे बरीच हॉटेलं टँकर आणि बोअरवर चालतात. "पाणी चोवीस तास आहे का?" या प्रश्नाला सगळेच हो म्हणतात. त्यापेक्षा "गरम पाणी किती ते किती?" असं विचारा. सोलर असेल तर उत्तर येतं, "सकाळी सहा ते नऊ." साडेपाचला आंघोळ करून कंपनीची बस गाठायची असेल तर गीझर असलेलीच खोली मागा. बोअरचं पाणी जड असतं. शॉवरच्या भोकांवर पांढरी खरखरीत पुटं चढलेली दिसली की समजा, साबणाला फेस येणार नाही आणि शॉवरची धार तिसरीकडेच उडणार. तिथे बादली-मगच बरा. केसांसाठी एक प्यायच्या पाण्याची बाटली बाजूला ठेवते मी.

दुसरी गोष्ट लग्नाची. इथल्या पुष्कळ हॉटेलांना खाली हॉल नाहीतर मागे लॉन असतो. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू, ती थेट मे-जूनपर्यंत. "त्या तारखेला हॉलमध्ये कार्यक्रम आहे का?" असं सरळ विचारा. असला तर हॉलपासून लांबची, वरच्या मजल्यावरची खोली मागा. पण एप्रिल-मे असेल तर अगदी वरचा मजला नको. मराठवाड्याच्या उन्हात दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत गरम राहतो आणि एसी नुसता घरघरत बसतो. मधला मजला, रस्त्याच्या मागची बाजू, आणि खिडकीखाली जनरेटर नको, एवढं सांगितलं की काउंटरवरचा माणूस ओळखतो की यांना नेमकं काय हवंय.

तिसरी गोष्ट चेक-आउटची. काही ठिकाणी दुपारी बाराचा नियम असतो, काही ठिकाणी आल्या वेळेपासून चोवीस तासांचा. मुंबईहून देवगिरी एक्स्प्रेसने येणारा माणूस पहाटे स्टेशनवर उतरतो. बाराच्या नियमाचं हॉटेल असेल तर त्या काही तासांसाठी आदल्या रात्रीचं भाडं मागितलं जाऊ शकतं. चोवीस तासांचं हॉटेल अशा वेळी सोन्यासारखं. लवकर येणार असाल तर फोनवर वेळ सांगा आणि जास्तीचे किती घेणार ते व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागवा.

पोहोचल्यावर सामान उघडायच्या आधी पाच मिनिटं खोलीला द्या. एसी लावा, नळ सोडा, फ्लश करून बघा, आतली कडी नीट बसते का बघा, फोनवरून रिसेप्शन लागतं का बघा. टेबलाजवळचा प्लग सैल असेल तर लॅपटॉपचा चार्जर रात्रभर लोंबकळून सकाळी बॅटरी शून्य. काही खटकलं तर तेव्हाच, हसत, "दादा, दुसरी दाखवता का?" बॅग उघडून कपडे पसरल्यावर खोली बदलणं त्यांनाही नको असतं आणि आपल्यालाही. एकट्या जाणाऱ्या मुलींना माझं सांगणं आहे: काउंटरवर खोलीचा नंबर मोठ्याने बोलू देऊ नका, चावी हातात घेऊन नंबर स्वतः वाचा. लिफ्टजवळची खोली घ्या, लांबच्या बोळातली नको. आणि रात्री कुणी "रूम सर्व्हिस" म्हणत दार वाजवलं तर दार उघडण्याआधी खाली फोन लावा. यात संकोच कसला?

ओळखपत्र म्हणून आधार देत असाल तर पहिले आठ आकडे झाकलेली प्रत काढून ठेवा, आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवर ती मिळते. झेरॉक्सवर "फक्त हॉटेल नोंदणीसाठी" असं लिहून तारीख घाला.

आता बिल. कंपनीचं नाव आणि जीएसटी नंबर चेक-इन करतानाच द्या, तोही कागदावर लिहून. निघताना घाईत सांगितलेला पंधरा आकडी-अक्षरी नंबर हमखास चुकतो, आणि एकदा निघालेलं बिल बदलायचं म्हणजे क्रेडिट नोटचा, म्हणजे आधीचं बिल कागदोपत्री रद्द करण्याचा घोळ. एका रात्रीचं भाडं साडेसात हजारांपर्यंत असेल तर 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के जीएसटी आहे, त्याच्या वर 18 टक्के. हॉटेल महाराष्ट्रात, म्हणून केंद्राचा आणि राज्याचा असे दोन्ही भाग इथलेच लागतात. तुमच्या कंपनीची नोंदणी फक्त गुजरात किंवा कर्नाटकात असेल तर त्या कराचं क्रेडिट मिळत नाही, म्हणजे तो कंपनीला आपल्या करातून वजा करता येत नाही, हे अकाउंट्सला आधीच सांगा. जेवण आणि लाँड्री बिलात वेगळी दाखवायला सांगा.

नाश्ता बहुतेक ठिकाणी साडेसातच्या पुढे. लवकर निघायचं असेल तर रात्रीच सांगून ठेवा, पोहे किंवा सँडविच बांधून देतात. रात्रीचं जेवण हॉटेलातच घ्यायचा आळस करू नका. मांसाहार चालत असेल तर जुन्या शहरात नान-खलिया खाल्ल्याशिवाय परतू नका.

आणि एवढ्या लांब येऊन लेणी न बघता परतणाऱ्यांचं मला मनापासून वाईट वाटतं. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. मीटिंगची तारीख ठरवतानाच हे डोक्यात ठेवा. अजिंठा सुमारे शंभर किलोमीटर, त्यामुळे पूर्ण दिवस हवा. फर्दापूरच्या टी-पॉइंटला गाडी ठेवून तिथून एसटीच्या बसने लेण्यांपर्यंत जावं लागतं, तो वेळ वेगळा धरा. वेरूळ मात्र तीसेक किलोमीटरवर आहे आणि कामाच्या माणसासाठी जणू मुद्दाम जवळ ठेवलंय. लेण्यांची तोंडं पश्चिमेला असल्याने दुपारनंतरचं ऊन कैलास लेण्यावर समोरून येतं. वाळूजचं काम दोनपर्यंत आटपलं तर तिथूनच निघा, थेट सोळा क्रमांकाच्या, म्हणजे कैलास लेण्यापाशी जा, बाकीची नंतर. सूर्यास्ताला बंद होतं, म्हणून दौलताबादचा किल्ला त्याच दिवशी कोंबू नका. त्याच्या पायऱ्यांना आणि अंधाऱ्या भुयारी वाटेला वेगळी सकाळ द्या.

शेवटच्या दिवशी वेरूळ करायचं असेल तर सकाळीच बिल भरून खोली सोडा आणि बॅग रिसेप्शनवर ठेवा. बहुतेक हॉटेलं पैसे न घेता ठेवतात. पावती किंवा टोकन मागा, लॅपटॉप आणि औषधं जवळ बाळगा, आणि परत किती वाजता येणार ते सांगून जा. रात्री काउंटरवर दुसरा माणूस असतो, म्हणून बॅगेवर तुमचं नाव आणि फोन नंबर असलेली चिठ्ठी चिकटवलेली असली की गाडी चुकत नाही.