पक्षीनिरीक्षणासाठी कपडे निवडताना

पक्षीनिरीक्षणाला कोणते कपडे घालावेत, असे विचारले की बहुतेक जण लष्करी धाटणीचे चट्ट्यापट्ट्यांचे कपडे सुचवतात. त्यांची गरज क्वचितच पडते. शिवाय काही देशांत सामान्य नागरिकांनी असे कपडे वापरण्यास कायद्याने बंदी आहे. पक्षी बिथरतो तो मुख्यतः आपल्या हालचालीने आणि आवाजाने. म्हणून ज्या कपड्यांत बराच वेळ न हलता बसता येते आणि हलावे लागलेच तर आवाज होत नाही, ते कपडे निवडावेत. रंगाचा विचार त्यानंतर करावा.

आवाजाची परीक्षा घरीच करता येते. जॅकेट घालून शांत खोलीत उभे राहावे, दुर्बीण सावकाश डोळ्यांपर्यंत न्यावी आणि बाही अंगाला घासताना काय ऐकू येते याकडे लक्ष द्यावे. कडक नायलॉनची सळसळ अशा वेळी स्पष्ट जाणवते, तर मऊ सुती, लोकरी किंवा फ्लीसचे कापड जवळजवळ गप्प असते. खिशांना वेल्क्रो नसावे, कारण ऐन वेळी ते उघडताना होणारा चर्र आवाज जवळच्या पक्ष्याला उडवायला पुरेसा असतो. त्याऐवजी बटणे बरी. पावसाळी जॅकेट मात्र बहुधा आवाज करणारेच असते, तेव्हा ते पाठपिशवीत ठेवून पाऊस आल्यावरच चढवावे.

रंगांच्या बाबतीत पक्ष्यांची नजर आपल्यापेक्षा सरस आहे. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या असतात, तर दिवसा वावरणाऱ्या बहुतेक पक्ष्यांत त्या चार प्रकारच्या असतात आणि अनेक पक्ष्यांना अतिनील प्रकाशही दिसतो. हरणांना शिकाऱ्यांचे भडक नारिंगी जाकीट नीट वेगळे ओळखता येत नाही. पक्ष्यांना ते सहज ओळखता येते. तरीही जिथे शिकारीचा हंगाम सुरू असेल तिथे नारिंगी जाकीट घालावेच, कारण पक्षी न दिसण्यापेक्षा जिवाचा धोका मोठा आहे. एरवी मातकट, खाकी किंवा शेवाळी छटा जंगलात आणि गवतात चालतात, तर वाळूच्या किनाऱ्यावर फिकट रंग अधिक मिसळून जातात. पांढरा रंग हिरवाईत दुरूनही उठून दिसतो आणि काळा उन्हात तापतो. कपडे शुभ्र दिसावेत म्हणून अनेक धुलाई पावडरींमध्ये घातलेली द्रव्ये अतिनील प्रकाश शोषून निळसर उजेड बाहेर टाकतात, त्यामुळे निरीक्षणाचे कपडे अशी द्रव्ये नसलेल्या साबणाने धुणे उत्तम.

पहाटेचा गारवा आणि दहानंतरचे ऊन एकाच फेरीत सोसायचे असते, म्हणून एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ थर सोयीचे पडतात. थंडीत अंगालगत सुती कापड नको. ते घामाने भिजले की लवकर वाळत नाही आणि थांबून बसल्यावर हुडहुडी भरते. तिथे लोकर किंवा पॉलिस्टर उपयोगी पडते. पॅंट पूर्ण लांबीची आणि सैल असावी, आणि गवतातून जाताना ती मोज्यांत खोचावी. फिकट खाकी रंगावर चढणारी गोचीड लवकर नजरेस पडते, हा त्या रंगाचा आणखी एक फायदा.

छायाचित्रकाराच्या गरजा थोड्या वेगळ्या असतात. पाणपक्ष्यांचे छायाचित्र त्यांच्या नजरेच्या पातळीवरून घ्यायचे तर चिखलात पालथे पडावे लागते. त्यासाठी पॅंट गुडघ्यांवर दुहेरी कापडाची असावी आणि शर्टाच्या छातीवर जाड बटणे किंवा फुगीर खिसे नसावेत. टोपीची पुढची झापड कडक असेल तर ती कॅमेऱ्यावर आपटते आणि डोळा नेत्रिकेला (ज्यातून पाहतो त्या भिंगाला) टेकत नाही, त्यामुळे मऊ, दुमडता येणारा काठ असलेली टोपी घ्यावी. लेन्स फिरवणारे हात पक्ष्याला सर्वांत आधी दिसतात. अंगठा आणि तर्जनीची टोके उघडी असलेले पातळ, मातकट हातमोजे त्यासाठी पुरतात. कीटक दूर ठेवणारे डीट नावाचे रसायन असलेली मलमे प्लॅस्टिक आणि काही कृत्रिम धागे खराब करतात, म्हणून ती लावल्यावर तळवे पुसूनच कॅमेरा हातात घ्यावा.