जुन्या डिझेल पिकअपचं बूस्ट गेज बंद: हात घालण्याआधी काय काय जमवायचं

जुनी डिझेल पिकअप घेतली की आधीच्या मालकाने काचेशेजारच्या खांबावर बसवलेलं बूस्ट गेज, म्हणजे टर्बो इंजिनात किती दाबाने हवा ढकलतोय ते दाखवणारं मीटर, पुष्कळदा सोबतच येतं, आणि त्याचा काटा शून्यावर झोपलेला असतो. नवं गेज मागवण्याआधी किंवा टर्बो गेला म्हणून कपाळाला हात लावण्याआधी सामान जमवा. पाने, स्क्रूड्रायव्हर, टॉर्च, फडकं हे सांगत बसत नाही. सांगायचाय तो टी. चार मिलिमीटरचा, प्लॅस्टिकचा, तीन तोंडांचा. माशांच्या टाकीचं सामान विकणाऱ्या दुकानात हवेच्या नळ्या जोडायला मिळतो तो. चिल्लर वस्तू, म्हणूनच राहते. मागच्या खेपेला टी नव्हता, म्हणून कंप्रेसरची गन थेट गेजला लावली आणि धडधाकट गेज जागच्या जागी मेलं. दोष होता नळीत. तेव्हा टी घ्या, दोन घ्या, एक हमखास सीटखाली जातो.

आधी गेज कुठल्या जातीचं ते बघा, निम्मं सामान त्यावर ठरतं. मागून एक बारीक नळी आणि दिव्याच्या दोन वायरी येत असतील तर ते मेकॅनिकल. इनटेक मॅनिफोल्डमधली, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या भागातली, हवा थेट गेजच्या पोटात येते, आतली वाकडी पातळ नळी सरळ व्हायला बघते आणि काटा ओढते. म्हणूनच त्याला जास्त दाब सोसत नाही: ३० पीएसआयच्या (चौरस इंचाला पौंड, दाबाचं माप) गेजला कंप्रेसरचा शंभरावर दाब दिला की ती नळी कायमची वाकते आणि काटा पुन्हा शून्यावर येत नाही. मागे नळी नसून नुसत्या वायरी असतील तर इलेक्ट्रिक, त्याचा सेन्सर बोनेटखाली शोधा. डायलवर शून्याच्या डावीकडे व्हॅक्यूमची पट्टी असेल तर गेज पेट्रोल गाडीसाठीचं आहे. चालतं, पण डिझेल आयडलला, म्हणजे रेस न देता नुसतं चालू असताना, त्या पट्टीत जाणार नाही, काटा शून्यापाशीच राहणार. तो दोष नव्हे. उभ्या गाडीत रेस देऊन काटा जेमतेम एक-दोन पीएसआय हलला तर तोही दोष नव्हे. लोड नाही तर डिझेल कमी जळतं, एक्झॉस्टमध्ये टर्बो फिरवण्याइतका जोर येत नाही. पार्किंगमध्ये रेस देऊन निकाल देणाऱ्याचं ऐकू नका.

आता टी कशाला ते. गेज तपासायला थोडी आणि मोजलेली हवा लागते, आणि ती देणारं सगळ्यात स्वस्त यंत्र म्हणजे डॉक्टरांचं बीपीचं, हाताने फुगा दाबायचं, गोल डायलचं. बॅटरीवर चालणारं नको. पाऱ्याचं तर गाडीत आणूच नका. डायल ३०० पर्यंत असतं. पाऱ्याचे ३०० मिलिमीटर म्हणजे ०.४ बार किंवा ५.८ पीएसआय, आणि २६० म्हणजे ५. गेजचा काटा नीट उठतो की नाही हे बघायला एवढं पुष्कळ, आणि एवढ्याने काही फुटतही नाही. पण या यंत्रात दंडाच्या पट्ट्याला दोन नळ्या असतात, एक फुग्याकडे जाते, दुसरी डायलकडे. पट्टा काढला की त्या दोन मोकळ्या होतात आणि तिसरी वाट, म्हणजे गेजकडची, जोडायला काही उरत नाही. तिथे टी. टी नसेल तर बीपीचं यंत्र नुसतं शोभेला. आणलंत यंत्र आणि विसरलात टी, तर तुम्ही परत कंप्रेसरकडे बघणार, मला माहीत आहे.

गेजची नायलॉन नळी एक अष्टमांश इंचाची, म्हणजे बाहेरून तीन मिलिमीटरच्या किंचित वर. बीपीच्या रबरी नळीत ती सैल पडते. नायलॉनच्या टोकावर टेफ्लॉन टेपचे सहा-सात वेढे द्या, भोक झाकू नका, रबरी नळीत बोटभर खुपसा आणि वरून केबल टाय आवळा. हे जोडकाम फक्त तपासणीपुरतं. इंजिन चालू करताना यातलं काहीही लाइनवर राहता कामा नये. २० पीएसआय म्हणजे पाऱ्याचे हजारावर मिलिमीटर, बीपीचं डायल एका रेसमध्ये संपेल.

तपासणीचा क्रम चुकवू नका. इंजिन बंद. गेजमागचा नट सोडा, दोन पाने लावून: एकाने गेजचं निपल, म्हणजे मागचं तोंड, धरायचं, दुसऱ्याने नट फिरवायचा. एकच पाना लावला तर निपल फिरतं आणि आतला सांधा पिळला जातो. मग हातभर नायलॉनच्या तुकड्याने गेजला टी जोडा आणि हळूहळू २६० पर्यंत दाबा. काटा ५ वर आला तर गेज निर्दोष, त्याला आता विसरा. काटा हललाच नाही तर गेज गेलं, आणि पुढचं सगळं वाचवलंत. काटा ३ वर आला आणि गेजवर बोट टिचकताच ५ वर उडाला तर आत धूळ किंवा गंज आहे, ते गेज भरवशाचं नाही. पुढची पायरी लाइनची. नळी गेजला परत जोडा, मॅनिफोल्डकडचं टोक सोडवा आणि त्या टोकाकडून हवा द्या. फुगा चार दाबांत टणक झाला, डायल ३०० ला गेलं आणि गेज शून्यावर, तर नळी तुंबलीय किंवा कुठेतरी चिमटलीय. फुगा दाबून दाबून हात दुखला तरी डायल चढत नसेल तर नळी फुटलीय किंवा सांधा उघडा आहे. डायल २५० वर ठेवून मिनिटभर बघा, २० पेक्षा जास्त उतरलं तर कुठेतरी बारीक गळती आहे: सांध्यांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडा दिसेलच. आधी तुमच्या टीचेच सांधे बघा. पुष्कळदा गळती तिथेच असते.

नळी फुटते कुठे तर दोन जागी. एक, फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून, आत येताना, जिथे पत्र्याच्या भोकात ग्रोमेट, म्हणजे रबरी कडं, बसवलेलं नसतं आणि पत्र्याची कड महिनोन्‌महिने नायलॉनवर घासते. दोन, टर्बोच्या गरम बाजूजवळून नेलेली असेल तिथे. वितळून ती अशी चपटी होते की बाहेरून नुसती वाकल्यासारखी दिसते, आणि आपण दहा वेळा बघूनही चुकतो. म्हणून सामानात दोन-अडीच मीटर नवी नायलॉन नळी, चार फेरूल (नळीवर चढवून नटाखाली आवळायची बारीक कडी), एक ग्रोमेट आणि नवं ब्लेड. नळी ब्लेडने काटकोनात कापा. पकडीने कापली की तोंड अंडाकृती होतं आणि फेरूल कितीही आवळा, गळतंच. जुनं फेरूल परत वापरू नका. कंप्रेशन नटावर टेफ्लॉन टेप लावू नका, तिथे फेरूलच दाब धरतं, टेप मध्ये आली की नट पूर्ण बसत नाही. टेप लागते ती मॅनिफोल्डमध्ये फिरवायच्या आट्यांवर, आणि तीही पहिला आटा मोकळा सोडून, नाहीतर टेपचा तुकडा आत जाऊन तेच बारीक भोक बुजवतो जे उघडायला आपण आलोय.

आट्यांबद्दल एक गोष्ट, कारण इथे हार्डवेअरचं दुकान हमखास फसवतं आणि फसवतोय हे त्यालाही ठाऊक नसतं. बाहेरून आलेल्या गेजचे फिटिंग बहुधा एनपीटी, म्हणजे अमेरिकन मापाच्या, आट्यांचे, एक अष्टमांश इंच, इंचाला २७ आटे. आपल्याकडे दुकानात त्याच मापाचं म्हणून हातात पडतं ते बीएसपी, म्हणजे ब्रिटिश मापाचं, इंचाला २८. दोन आटे मजेत बसतात, मग अडकतं. मग माणूस पाना मोठा घेतो. मग अ‍ॅल्युमिनियमच्या मॅनिफोल्डमधले आटे जातात. हाताने किमान तीन आटे सहज फिरले पाहिजेत, नाही फिरले तर थांबा आणि जुनं फिटिंग घेऊन दुकानात जा.

मॅनिफोल्डचं भोक स्वतः तपासा. ईजीआरची (थोडा एक्झॉस्ट परत इनटेकमध्ये सोडणारी व्यवस्था) काजळी आणि ब्रिदरमधून (इंजिनच्या पोटातली वाफ बाहेर काढणारी नळी) येणारं तेल मिळून आत काळं लोण्यासारखं काही साचतं आणि दीड-दोन मिलिमीटरचं भोक बंद करतं. बारीक तार, कार्ब क्लीनर, आणि भोकाखाली फडकं. तार आत पडेल एवढी आखूड घेऊ नका, इनटेकमध्ये पडलेला तुकडा थेट सिलिंडरचं दार ठोठावतो.

लाइन कुठून घेतलीय तेही बघा. इंटरकूलरनंतर (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी), इनटेक मॅनिफोल्डवरून घेतलेली हवी. टर्बोचा दाब कमी-जास्त करणाऱ्या व्हॅक्यूम अ‍ॅक्च्युएटरच्या पाइपमध्ये जोड मारून ठेवलेला असेल तर तिथे बूस्ट नसतोच, व्हॅक्यूम असतो. गेज मरेपर्यंत शून्य दाखवेल आणि वर टर्बोचं काम बिघडवेल. कॉमनरेल (संगणकाच्या ताब्यातली डिझेल सोडायची पद्धत) नसलेल्या पुष्कळ जुन्या टर्बो डिझेलवर डिझेल पंपाच्या डोक्यावरच्या डायफ्रॅमला बूस्टचा पाइप जातो, काही लोक तिथे जोड मारतात. गेज चालतं, पण त्या पाइपला गळती लागली की डायफ्रॅम पुरेसा दाबला जात नाही, पंप डिझेल कमी सोडतो आणि गाडी चढाला दम टाकते. गाडी घेतल्यापासून ओढ कमी वाटत असेल आणि गेजही बंद असेल तर आधी हे बघा.

इलेक्ट्रिक गेज असेल तर मल्टिमीटर, ३ आणि ५ अँपिअरचे फ्यूज, थोडी वायर, सोल्डर. पॉवर वायर इग्निशनवर आहे ना ते बघा. पार्किंग लाइटच्या वायरला जोडलेली गेज रात्री झकास चालतात. अर्थिंग मोजताना दिवे लावा, मल्टिमीटरची काळी सुई बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल गेजच्या अर्थवर. ०.१ व्होल्टच्या वर आलं तर अर्थ खराब, रंग खरवडून नवा अर्थ द्या. मोठ्या ट्रकवर असाल तर २४ व्होल्ट आहेत हे लक्षात ठेवा, १२ व्होल्टचं गेज तिथे जळूनच गेलेलं असणार. तीन वायरींच्या सेन्सरला चावी चालू असताना ५ व्होल्ट आणि अर्थ मिळाला पाहिजे. सिग्नल वायरवर, सेन्सर ० ते ३० पीएसआयचा आणि अर्ध्या ते साडेचार व्होल्टचा असेल तर, मोकळ्या हवेत ०.५ आणि बीपीच्या फुग्याने २६० दिल्यावर साधारण १.१७ व्होल्ट. म्हणजे इथेही टी लागतो. इथेही. सेन्सरला नळी लावायला एका बाजूला निपल असलेलं पितळी कनेक्टर वेगळं आणा, आटे वरचेच बघून.

गेज, नळी, वायरिंग सगळं ठीक आणि तरी काटा झोपलेला, तर गेज खरंच बोलतंय. ओबीडी पोर्ट, म्हणजे स्कॅनर लावायचं सॉकेट, असलेल्या गाडीत स्कॅनरवर इनटेक मॅनिफोल्डचा दाब बघा. तो किलोपास्कलमध्ये आणि हवेच्या दाबासकट असतो: इंजिन बंद, चावी चालू असताना मुंबईत १०० च्या आसपास, पुण्यात ९५, महाबळेश्वरला ८६. गाडी चालताना दिसणाऱ्या आकड्यातून हा आकडा वजा करा, उरलेल्या प्रत्येक १०० ला १४.५ पीएसआय. २५५ वर आकडा अडकला तर घाबरू नका, स्कॅनरच्या त्या ओळीची मजल तेवढीच. काही गाड्या साध्या स्कॅनरला हे दाखवत नाहीत. बूस्ट खरंच नसेल तर इंटरकूलरच्या होज आणि क्लिपा आधी, टर्बो शेवटी. होजची खालची बाजू हाताने चाचपा, चीर बहुधा तिथे असते, आजूबाजूला तेलकट काळं. क्लिपा दोन जास्तीच्या ठेवा.

बंद करताना: नट हाताने, मग पाव फेरा, बस. नळी टर्बोच्या गरम बाजूपासून वीतभर लांब, ग्रोमेटमधून, टाय लावून. टी आणि बीपीचं यंत्र लाइनवरून काढलं का? काढा. मग इंजिन.

रोड टेस्टला सामान भरलेली गाडी आणि सलग चढ, पुण्याजवळच्या दिवे घाटासारखा, गर्दी नसताना. तिसरा गिअर, २००० आरपीएम, पाय पूर्ण. डायल शेजारच्याने बघायचं, तुम्ही रस्ता. परत आल्यावर बोनेट उघडून नळीला हात लावा, मऊ लागली तर वाट बदला. टी डब्यात टाका, डबा गाडीत.