डिक्टिओटा ओळखताना या चुका टाळा

आपल्या सांगलीकडं शेवाळ म्हणजे कृष्णेच्या घाटावरचं हिरवं बुळबुळीत, एवढंच डोक्यात असतं, त्यामुळं बीएस्सीची पोरं आंबा घाट उतरून रत्नागिरीला टूरवर गेली की खडकावर दिसेल त्याचा आधी रंग लिहून घेतात आणि तिथंच फसतात. डिक्टिओटा हे समुद्रातलं तपकिरी शेवाळ खरं, पण पाण्यात असताना त्याच्या काही जाती निळसर चमकतात, बाहेर काढलं की चमक गायब. परत येताना पिशवी बसमध्ये चांगली तापली तर हिरवटही पडतं. मग रंगावर काय भरवसा ठेवणार?

बघायचं ते फाटे. पातळ चपटी पट्टी, तिचे दोन भाग, प्रत्येकाचे परत दोन, असं टोकापर्यंत. मधोमध शीर नसते. उजेडाकडं धरून बघा, शीर दिसली तर ते डिक्टिओप्टेरिस, म्हणजे दुसरंच तपकिरी शेवाळ.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो ग्रॅसिलारिया कॉर्टिकाटाशी, कारण तेही चपटं, तेही दोन-दोन फाट्यांचं, आणि मुळात लाल असलं तरी उन्हानं विटून पिवळट-तपकिरी झालं की सरळ डिक्टिओटा म्हणून जर्नलमध्ये चिकटवलं जातं. हात लावून बघा ना! ग्रॅसिलारिया चिवट, कुर्चेसारखं लागतं, डिक्टिओटा मऊ, पटकन फाटणारं. तरी शंका राहिली तर गाजराच्या तुकड्यात धरून ब्लेडनं आडवा छेद घ्या. डिक्टिओटात मधे मोठ्या पेशींचा साधारण एकच थर आणि दोन्ही अंगांना बारीक पेशींचा एकेक थर दिसतो, ग्रॅसिलारियात आत मोठ्या पेशींचे थरावर थर. छेद जमत नसेल तर नुसतं टोक स्लाइडवर ठेवा, डिक्टिओटाच्या टोकाला भिंगाच्या आकाराची एकच वाढणारी पेशी असते, तीच उभी दुभागते आणि फाटा फुटतो.

वाळूत वाहून आलेले कुजके तुकडे उचलू नका, अमावस्या-पौर्णिमेच्या ओहोटीला खडकावरचं बुडासकट घ्या. मालवणच्या सागरी अभयारण्यात मात्र परवानगीशिवाय हात लावायचा नाही, ते १९८७ पासून संरक्षित आहे.

आणि घरी आणून नळाखाली धुणं बंद करा, गोड्या पाण्यात पेशी फुगून फुटतात, कॅनभर समुद्राचंच पाणी सोबत आणा, नमुना टिकवायला त्यातच ४ टक्के फॉर्मालिनचं द्रावण करा, बाटली अंधारात ठेवा. लेबल पेन्सिलनं लिहून बाटलीच्या आत टाका, पेनाची शाई टिकत नाही.