स्पॅनिश क्रियापदं: सुरुवात कुठून करायची

आधी ‘आब्लार’ म्हणजे बोलणे हे घ्या. शेवटचं ‘आर’ काढा, उरलेल्याला मी, तू, तो-ती, आम्ही, तुम्ही, ते या क्रमानं प्रत्यय लावा: आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान. बोलतो-बोलते असा भेद नाही. बाई असो की गडी, ‘आब्लो’च. ‘यो’ म्हणजे ‘मी’, तो दरवेळी लावू नका, प्रत्ययातच आला.

गाडी अडते ती ‘आहे’पाशी. अमरावतीचा आहे: सोय दे अमरावती. वावरात आहे: एस्तोय एन एल काम्पो. ओळख ‘सेर’नं (त्याचं ‘सोय’), माणूस कुठं आहे नि आत्ता कसा आहे ते ‘एस्तार’नं (त्याचं ‘एस्तोय’). म्हणून थकलेल्या गड्यानं ‘एस्तोय कान्सादो’ म्हणायचं, बाईनं ‘कान्सादा’. विशेषणाला लिंग आहे, बरं का.

‘गुस्तार’ मात्र आपल्या ‘आवडणे’सारखंच चालतं: मे गुस्ता ला नारांखा, मला संत्रं आवडतं. अनेक असली की ‘मे गुस्तान लास नारांखास’. ‘गुस्तान’मधला ‘न’ शिकणाऱ्याकडून हमखास सुटतो.