सीपॅप लावलं की नाक चोंदतं? या चुका टाळा

सीपॅप म्हणजे झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा सोडणारं मशीन. ते नवीन घेतलेल्या माणसाची पहिली तक्रार बहुधा नाकाची असते. कोरडं पडतं, जळजळतं, चोंदतं, नाहीतर सकाळी शिंकांचा सपाटा. लगेच निकालही लागतो: ‘मला हे मशीन सोसत नाही.’ मशीन बहुतेक वेळा ठीकच असतं.

सगळ्यात जास्त चीड येते ती नाक मोकळं करणाऱ्या थेंबांची. ऑक्सिमेटाझोलिन, झायलोमेटाझोलिन वगैरे. काही मिनिटांत श्वास मोकळा, मग उतावळ्या माणसाला आणखी काय हवं? पण सलग तीन ते पाच दिवसांपलीकडे वापरले, तर असर उतरताच नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं. मग पुन्हा थेंब.

माझ्या ओळखीचे एक काका असेच अडकले. मास्क फक्त नाकाचा, झोपेत तोंड उघडं, आणि हवेला ओलावा देणारा ह्युमिडिफायर बंद, कारण रोज पाणी कोण बदलणार! नाकातून शिरलेली हवा तोंडावाटे निसटत राहते, तेव्हा नाकाचं अस्तर त्या एकतर्फी झोताला ओलावा पुरवता पुरवता थकतं आणि सुजतं. नाक चोंदलं की तोंड आणखी उघडतं. हे चक्र चालू असताना काका महिनोन्महिने थेंब टाकत होते, पुढे तर बाटली खिशातच. मशीनच्या नोंदीत हवेची गळती रोज रात्री चढलेली दिसत होती. ती बघायची कोणाला सुचलंच नव्हतं. शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी थेंब सोडवून स्टेरॉइडचा स्प्रे दिला. तो थेंबांसारखा झटपट लागू पडत नाही, त्यामुळे मधल्या काळात काकांनी घर डोक्यावर घेतलं. सोबत ह्युमिडिफायर सुरू झाला, आणि तोंड मिटेना म्हणून नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क आला. नाक सुटलं. काका अजूनही सगळं श्रेय मास्कलाच देतात.

ह्युमिडिफायर पहिल्याच रात्री शेवटच्या आकड्यावर नेऊ नका. नळीत पाणी साचून गुडगुडतं, नाकावर शिंतोडे येतात आणि लोक तो कायमचा बंद करतात. मी एकेक आकडा वाढवते आणि दोन-तीन रात्री थांबते. तरी पाणी साचलंच, तर मशीन उशीच्या पातळीखाली ठेवा आणि नळीला कापडी आवरण घाला. गरम होणारी नळी मिळाली तर उत्तमच. टाकीत डिस्टिल्ड वॉटर, रोज ताजं. त्यात बाम, निलगिरीचं तेल वगैरे अजिबात नको.

नाकपुडीला पेट्रोलियम जेली फासू नका. मास्कची मऊ कड खराब होते आणि तेलकट अंश फुप्फुसात जाऊ शकतो. पाण्याच्या बेसचं जेल किंवा सलाइनचा स्प्रे पुरतो. नाक धुवायचं तर उकळून गार केलेल्या पाण्याने, थेट नळाच्या नव्हे. त्यातून क्वचित होणारा अमिबाचा संसर्ग जीवघेणा असतो.

पट्टे करकचून आवळणं हा गळतीवरचा उपाय नाही, मास्कचं माप तपासा. फिल्टर काळा पडेपर्यंत वाट पाहू नका. स्टेरॉइडचा स्प्रे नाकाच्या मधल्या पडद्यावर मारू नका, बाहेरच्या बाजूला वळवा. मशीनचा दाब आपल्या मनाने कमी करणाऱ्यांशी मी वादच घालत नाही, सरळ डॉक्टरांकडे पाठवते.

घोळणा वारंवार फुटत असेल किंवा एकच नाकपुडी कायम बंद असेल, तर मशीनची बटणं दाबत बसू नका. पडदा वाकडा असेल किंवा पॉलिप, म्हणजे नाकातली मऊ गाठ, असेल. ते डॉक्टरांनी नाकात बघितल्याशिवाय कळत नाही.