लिनक्सवरून म्युझिक प्लेअर काढताना या चुका टाळा

आषाढी जवळ आली की येळ्ळूर, उचगाव, कंग्राळी भागातल्या भजनी मंडळींचे प्लेअर गाणी भरायला बाहेर येतात. उसाचा हंगाम लागला की ट्रॅक्टरवाल्यांचे. एकाच फोल्डरमध्ये भीमसेनजींचे मराठी अभंग आणि कन्नड दासवाणी हा तर बेळगावचा नेहमीचा मामला. तक्रारही ठरलेली असते: गाणी भरली तेव्हा सगळी दिसत होती, घरी गेल्यावर निम्मी वाजेनात, किंवा प्लेअर ‘फॉरमॅट करा’ म्हणू लागला. लोक कंपनीला शिव्या घालतात, पण बहुतेक वेळा प्लेअर ठणठणीत असतो. बिघडतं ते लिनक्सच्या कॉम्प्युटरवरून वायर उपसताना.

कॉपीची पट्टी संपली म्हणजे काम झालं, हा समज

सगळ्यात जास्त नुकसान या एका समजुतीने होतं. लिनक्स फाइल थेट प्लेअरवर लिहीत नाही. आधी रॅममध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या मेमरीत घेतो आणि मागाहून सवडीने लिहितो. नेहमीच्या सेटिंगमध्ये बदललेला डेटा 30 सेकंदांपर्यंत रॅममध्ये पडून राहू शकतो आणि लिहिणारा प्रोग्रॅम दर 5 सेकंदांनी उठून बघतो. त्यात प्लेअरची मेमरी मंद. समजा ती सेकंदाला 4 एमबी घेते, तर 2 जीबी गाण्यांना आठ मिनिटांहून जास्त लागणारच. रॅम भरपूर असेल तर स्क्रीनवरची पट्टी मात्र मिनिटभरात शंभर टक्के गाठून मोकळी होते. ती पट्टी प्लेअरचं सांगत नाही, रॅमचं सांगते.

म्हणून फाइल मॅनेजरमध्ये प्लेअरच्या नावाशेजारचा बाणाचा त्रिकोण दाबा आणि थांबा. लिहिणं बाकी असेल तर ‘डेटा लिहिला जात आहे, काढू नका’ अशा अर्थाची सूचना येते. आता काढायला हरकत नाही, असं सांगणारी सूचना त्यानंतर येते. पुष्कळ जण पहिली सूचना दिसली की वाचायच्या आधीच वायर ओढतात. टर्मिनलची, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीची सवय असेल तर ‘सिंक’ ही कमांड द्या. ती पूर्ण होईपर्यंत कर्सर नुसता लुकलुकत राहील. मशीन अडकलंय असं वाटेल, पण ते अडकलेलं नसतं, लिहीत असतं. चहा प्यायला जा.

‘टार्गेट इज बिझी’ आलं की जबरदस्ती

“सगळं बंद केलंय की रे, तरी सोडेना बघ,” असं म्हणत काका लॅपटॉप पुढे सरकवतात. स्क्रीनवर खरंच काही चालू दिसत नाही. फक्त कोपऱ्यात टर्मिनलची काळी खिडकी आहे आणि तिच्या शेवटच्या ओळीत प्लेअरच्या फोल्डरचं नाव. म्हणजे ती खिडकी त्या फोल्डरच्या आत उभी आहे, आणि ती तिथे असेपर्यंत लिनक्स प्लेअर सोडणार नाही. नुसतं ‘सीडी’ टाइप करून एंटर दाबलं की ती घरच्या फोल्डरमध्ये येते आणि प्लेअर लगेच सुटतो.

बिझीचा, म्हणजे ‘प्लेअर वापरात आहे’ हा निरोप खोटा नसतो, धरून ठेवणारा कोणीतरी असतोच. टर्मिनल नसेल तर रिदमबॉक्ससारखा गाण्यांचा प्रोग्रॅम, ज्यात गाणं थांबवलंय पण फाइल उघडीच आहे. अल्बमचं चित्र उघडून ठेवलेला इमेज व्ह्यूअर. किंवा ग्नोम डेस्कटॉपचा ट्रॅकर (नव्या आवृत्त्यांत लोकलसर्च), जो मागे बसून फाइलींची यादी करत असतो. शोधायला ‘फ्यूजर’ कमांडला व्ही आणि एम हे पर्याय देऊन पुढे प्लेअरच्या फोल्डरचा पत्ता द्या. उबंटू आणि मिंटवर तो ‘मीडिया’ फोल्डरमध्ये तुमच्या नावाखाली सापडतो. कोणता प्रोग्रॅम धरून बसलाय ते नावासकट दिसेल. ‘एलएसओएफ’ हीच माहिती जास्त तपशिलात देते. तो प्रोग्रॅम बंद करा आणि पुन्हा बाण दाबा.

इंटरनेटवर प्लेअर सोडवणाऱ्या ‘यूमाउंट’ कमांडला एल पर्याय लावायचा सल्ला सर्रास मिळतो. मला तो पटत नाही. त्याने प्लेअर यादीतून दिसेनासा होतो, पण शेवटची फाइल बंद होईपर्यंत खरं काम आतल्या आत चालूच राहतं, आणि ते कधी संपलं हे कळायला मार्ग उरत नाही. एफ पर्याय तर मुळात नेटवर्कवरच्या डिस्कसाठी आहे, इथे त्याचा उपयोग नाही. आणि हो, या कमांडच्या स्पेलिंगमध्ये यू नंतर लगेच एम येतो, मधे एन नाही. ‘कमांड सापडली नाही’ असं आलं तर आधी तेच तपासा.

अनमाउंट, इजेक्ट, पॉवर ऑफ: तिन्ही सारखंच समजणं

अनमाउंटने फाइल सिस्टिम बंद होते, डेटा सुरक्षित होतो, पण प्लेअर जोडलेलाच राहतो. जुन्या आयपॉडवर अनमाउंटनंतरही ‘डू नॉट डिस्कनेक्ट’ तसंच दिसत राहतं ते म्हणूनच. ‘इजेक्ट’चा आदेश गेला की ते जातं. तिसरं ‘युडिस्कसीटीएल’ या कमांडचं पॉवर ऑफ, जे उपकरण पुरतं बंद करतं. इजेक्ट केल्यावर पुन्हा आपोआप यादीत येणाऱ्या खोडकर प्लेअरवर हाच इलाज. मात्र त्याने चार्जिंगही थांबू शकतं. गाणी भरून झाल्यावर प्लेअर रात्रभर चार्जिंगला ठेवायचा असेल तर अनमाउंटवरच थांबा.

प्लेअरमध्ये मेमरी कार्ड असेल तर लिनक्सला बहुधा दोन डिस्क दिसतात, एक आतली मेमरी आणि एक कार्ड. एक बाहेर काढली आणि दुसरी विसरली, हे हमखास होतं. डिस्कची यादी देणारी ‘एलएसबीएलके’ कमांड दिली की दोन्ही ओळीने दिसतात. दोन्हींसमोरचा माउंटचा रकाना रिकामा झाल्याशिवाय वायरला हात लावू नका.

काही प्लेअर डिस्क म्हणून न दिसता एमटीपी या फाइल पाठवायच्या पद्धतीने जोडले जातात. ते या यादीत येतच नाहीत, त्यांच्यावर यूमाउंट चालत नाही. फाइल मॅनेजरमधूनच सोडा. प्लेअरच्या सेटिंगमध्ये एमएससी, म्हणजे साधी यूएसबी डिस्क म्हणून दिसायचा पर्याय असेल तर लिनक्ससाठी तोच निवडा, डोकेदुखी कमी होते.

‘सुडो’ (प्रशासकाचे अधिकार देणारी कमांड) लावून हाताने माउंट केलेला प्लेअर बाण दाबून सुटला नाही, तर सुडो लावूनच अनमाउंट करावा लागतो.

आधीच उपसला असेल किंवा कॉपी चालू असताना लाइट गेली असेल तर

फॉरमॅट करायची घाई नको. प्लेअर पुन्हा जोडा आणि सुडो लावून ‘डीएमईएसजी’ ही सिस्टिमच्या नोंदी दाखवणारी कमांड द्या. व्हॉल्यूम, म्हणजे प्लेअरची डिस्क, नीट अनमाउंट झाला नव्हता, अशी ओळ तिथे असेल. फाइल सिस्टिम फक्त वाचण्यापुरती उघडली गेली असेल तर तेही तिथेच कळतं. गाणी पुसली जात नाहीत, नवी भरता येत नाहीत, त्याचं कारण हे. आता प्लेअर अनमाउंट करा, जोडलेलाच ठेवा आणि त्या पार्टिशनवर सुडो लावून ‘एफएससीके डॉट व्हीफॅट’ ही दुरुस्तीची कमांड ए पर्यायासह चालवा. पार्टिशनचं नाव एलएसबीएलकेमधून आकारमान बघून घ्या. घाईत लॅपटॉपच्याच डिस्कचं नाव टाकलं तर भलतंच होऊन बसेल. दुरुस्तीनंतर एफएससीके या अक्षरांनी सुरू होणाऱ्या, आरईसी शेपटीच्या फाइली दिसतील. त्या अर्धवट गाण्यांचे तुकडे असतात. पुसून टाका आणि ती गाणी पुन्हा भरा.

एवढं करूनही जागा कमी दिसत असेल तर कंट्रोल आणि एच दाबून लपवलेले फोल्डर दाखवा. डिलीट केलेली गाणी प्लेअरवरच्याच, टिंबाने सुरू होणाऱ्या ट्रॅश फोल्डरमध्ये बसलेली असतात. तो फोल्डर शिफ्ट आणि डिलीटने काढा, बाण दाबा, दुसऱ्या सूचनेची वाट बघा. वायर काढल्यावर प्लेअर गाण्यांची यादी नव्याने बांधायला वेळ घेतो. तेवढ्यात बटणं दाबत बसू नका.